दातांमागचा विणकर



वसंतातल्या संध्याकाळी या व्यासपीठावरून इतिहासाविषयी ऐकावे, साहित्याविषयी ऐकावे, फार तर शेती आणि पाण्याविषयी ऐकावे, अशी आपली अपेक्षा असते. आज मी दातांच्या मुळाशी राहणाऱ्या एका सूक्ष्म पेशीविषयी बोलणार आहे. विषय ऐकून काही श्रोत्यांनी मनातल्या मनात घड्याळाकडे पाहिले असेल, आणि त्यांना मी दोष देत नाही. परंतु ही पेशी आपल्या प्रत्येकाच्या तोंडात या घटकेला काम करीत आहे, आणि उतारवयात आपण भाकरी चावून खाणार की कुस्करून, हे बरेचसे तिच्यावर ठरणार आहे. तेव्हा तासभर तिला द्यावयास हरकत नसावी.

आपल्याकडे एक म्हण आहे: दात आहेत तर चणे नाहीत, आणि चणे आहेत तर दात नाहीत. म्हण मोठी मार्मिक आहे. परंतु तिच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. ती अशी, की दात जाणे हे वयाचे देणे आहे. केस पांढरे व्हावेत तसे दात हलावेत आणि पडावेत. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी जा. हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती सारे घर बसलेले असते, आणि आजी मात्र बाजूला बसून म्हणते, "तुम्ही खा रे, माझे दात गेले." कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. मला मात्र वाटते. कारण आजीचे पुष्कळसे दात किडलेले नव्हते. ते अंगाने शाबूत होते, कठीण होते, आणि तरीही एकामागून एक हलू लागले आणि हातात आले. धडधाकट दात निखळतो तो का? या एका प्रश्नाचा आज विचार करू.

उत्तराकडे जाण्यापूर्वी एक चुकीचे चित्र मनातून पुसले पाहिजे. दात हा जबड्यात मेखेसारखा ठोकलेला आहे, किंवा चुन्यात खांब बसवावा तसा रोवलेला आहे, असे आपण धरून चालतो. तसे नाही. दात जबड्याच्या हाडाला कोठेही चिकटलेला नसतो. दाताचे मूळ आणि त्याभोवतीची हाडाची खोबण यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर रुंदीची फट असते. या फटीत हजारो तंतू असतात. त्यांची एक टोके मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरात गाडलेली, दुसरी टोके हाडात गाडलेली. गाडलेल्या या टोकांना विल्यम शार्पी या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने आजही शार्पीचे तंतू म्हणतात. या साऱ्या तंतूंच्या पट्ट्याला आपण परिदंतबंध म्हणू. म्हणजे दात रोवलेला नाही. तो बाजेच्या सुंभावर झोपलेल्या माणसासारखा तोललेला आहे. आपण खडा चावला की दात किंचित दबतो, तंतू ताणले जातात, आणि हाडावर थेट घाव न बसता ओढ वाटली जाते. मेख असती तर एव्हाना जबड्याला तडे गेले असते.

आता सुंभ म्हटला की तो झिजणार, तुटणार, सैल पडणार. बाज दरसाल नव्याने विणावी लागते. मग दाताची ही बाज कोण विणते?

येथे आपल्या कथेचा नायक प्रवेश करतो. त्याचे शास्त्रीय नाव फायब्रोब्लास्ट. मराठीत त्याला तंतुजनक पेशी म्हणतात. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, तंतूंच्या रांगांमध्ये अंग चोरून पडलेली अशी ही पेशी असते. ती सर्व शरीरात आहे. कातडीखाली आहे, कंडरांत आहे, जखम भरून येते ती तिच्यामुळे. हिरड्यांत आणि परिदंतबंधात ती दाटीने नांदते. हिरडी दाताच्या मानेला घट्ट कवटाळून बसते ती याच पेशीने विणलेल्या तंतूंच्या जोरावर.

नगर आणि भिंगार ही एके काळी मागांची गावे. येथल्या लुगड्यांना दूरदूरवर मागणी होती. ज्यांच्या घरी पूर्वी माग चालला त्यांना मी विणकर म्हटले की सांगावे लागणार नाही. परंतु दातामागचा हा विणकर आपल्या मागावरच्या विणकरापेक्षा एका बाबतीत वेगळा आहे. तो विणतो आणि उसवतोही. १९७० नंतरच्या दशकात टोरांटो येथील टेन केट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले, की परिदंतबंधातली एकच पेशी एकीकडे नवे तंतू घडवते आणि दुसरीकडे जुने तंतू गिळून पचवते. हा उद्योग अहोरात्र चालतो. शरीरात ज्या ज्या ठिकाणी असे तंतू आहेत, त्यांत परिदंतबंधातली उलाढाल अत्यंत वेगाची आहे. कातडीपेक्षा ती कितीतरी पटींनी जलद आहे.

या उलाढालीचा पुरावा आपण रोज पाहतो. शाळकरी मुलीच्या वाकड्या दातांना तार बसवतात आणि दीडदोन वर्षांत दात सरळ होतात. ठोकलेली मेख अशी हाडातून सरकली असती काय? दाबाच्या बाजूचे हाड विरघळते, ओढीच्या बाजूला नवे हाड बनते, आणि मधली वीण उसवून पुन्हा नव्या जागी घातली जाते. दात सुटत नाही, केवळ जागा बदलतो. हे सारे या विणकराच्या अंगच्या दुहेरी गुणामुळे साधते.

परंतु श्रोतेहो, हा दुहेरी गुण हीच त्याची नाजूक बाजू आहे. विणणे आणि उसवणे यांचा मेळ आहे तोवर हिरडी घट्ट. मेळ बिघडला, उसवणे विणण्याच्या पुढे गेले, की बाज सैल पडू लागते. धडधाकट दात निखळतो तो येथे. मला आज जे सांगावयाचे आहे ते इतकेच: दात जातात ते वयाने नव्हे, हा मेळ बिघडल्याने जातात, आणि तो बिघडवणाऱ्या गोष्टी बहुतांशी आपल्या हातातल्या आहेत.

प्रथम सुताची गोष्ट पाहू. विणकर ज्या धाग्याने विणतो त्याचे नाव कोलॅजेन. हा धागा तीन पदरी दोरासारखा पिळलेला असतो. ही त्रिपदरी रचना कोणी उलगडली, तर मद्रास विद्यापीठात बसून गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था या दोन भारतीयांनी. १९५४ आणि १९५५ साली त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. साधने तुटपुंजी असलेल्या एका नव्या प्रयोगशाळेतून ही गोष्ट जगापुढे आली, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

तीन पदरांचा हा पीळ पक्का बसावा म्हणून विणकराला एक वस्तू बाहेरून लागते. ती म्हणजे क जीवनसत्त्व. ते नसेल तर पदर पिळले जात नाहीत, धागा कच्चा निघतो आणि ओढ बसताच तुटतो. पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजत, रक्ताळत आणि दात हलत. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या वैद्याने अशा बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निरनिराळा उपाय दिला. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. त्यातले सत्त्व नेमके कोणते, हे कळावयास विसावे शतक उजाडावे लागले, आणि त्या शोधाबद्दल अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांना १९३७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या शरीराला हे जीवनसत्त्व बनवता येत नाही. ते रोजच्या ताटातूनच यावे लागते. आणि येथे नगर जिल्ह्याने तक्रार करण्यास जागा नाही. श्रीगोंद्याची लिंबे मुंबई-पुण्याच्या बाजारात जातात. राहात्याचे पेरू गाड्या भरभरून जातात. पेरूत संत्र्याच्या तिप्पट-चौपट क जीवनसत्त्व असते. एका मध्यम पेरूने मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागून वर उरते. शेवग्याचा पाला बांधावर फुकट वाढतो. अकोल्याच्या डोंगरात आवळा आहे. माल बाहेर पाठवावा, पैसे यावेत, हे योग्यच आहे. पण पाटीतला एखादा पेरू घरच्या सुनेच्या वाट्यालाही यावा. एक सूचना मात्र करून ठेवतो. लिंबू खावे, ते दातांवर घासू नये. आंबटाने दाताचे वरचे कवच झिजते.

तरीही, हिरडीतून रक्त आले की लिंबू खाल्ले आणि काम झाले, असे समजू नका. आज आपल्याकडे हिरड्या रक्ताळतात त्या बहुधा सुताच्या टंचाईने नव्हे. त्याचे कारण दुसरे आहे.

दातांवर, विशेषतः हिरडीच्या काठाशी, एक बुळबुळीत, पांढुरका थर रोज साचतो. तो अन्नाचा चोथा नव्हे. ती जंतूंची वसाहत असते. तो तसाच राहिला की लाळेतले क्षार बसून कठीण होतो आणि त्याचे कीटण बनते. १९६५ साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड ल्यो यांनी एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांची बारा माणसे घेतली, त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, आणि त्यांना दात साफ करणे बंद ठेवण्यास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या लाल झाल्या, सुजल्या. पुन्हा दात घासू लागताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. या प्रयोगात दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. आळस केला तर तीन आठवडे पुरतात. आणि वेळीच सावध झाले तर आठवडा पुरतो.

हा थर विणकराचे काय करतो? जंतू स्वतः थोडेफार नुकसान करतात हे खरे. पण मोठे नुकसान घरातूनच होते. जंतूंना अडवण्यासाठी रक्तातून शिपाई पेशी धावून येतात, हिरडीत दाह सुरू होतो, आणि त्या गडबडीत विणकराला जे रासायनिक निरोप मिळतात त्यांचा अर्थ एकच असतो: उसव. कोलॅजेन कापणारे विकर शरीरात असते, हे जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ साली बेडकाच्या पिल्लाची शेपटी कशी नाहीशी होते हे तपासताना दाखवले. बेडूकमासा बेडूक होतो तेव्हा ज्या जातीच्या कात्रीने त्याची शेपटी विरते, त्याच जातीची कात्री आपला विणकर दाहाच्या काळात भराभर चालवू लागतो. लढाईत फौजेने आपलेच शेत तुडवावे तसा हा प्रकार आहे.

यात पहिला टप्पा केवळ हिरडीचा असतो. हिरडी सुजते, घासताना रक्त येते, तोंडाला वास येतो. येथून पूर्ण माघार घेता येते. आर्हुसच्या बारा जणांनी तेच दाखवले. दुसऱ्या टप्प्यात दाह मुळाकडे उतरतो. हिरडी आणि दात यांमध्ये खिसा तयार होतो, परिदंतबंधाची वीण उसवते, मागोमाग हाड खचते. जुने लोक याला पायोरिया म्हणत. येथून पुढे रोग थांबवता येतो, पण गेलेले सहसा सारे परत येत नाही.

का परत येत नाही? विणकर तर तोच आहे. पुन्हा विणील की! या शंकेचे उत्तर १९७६ साली मेल्चर यांनी सुचवले. रोग साफ केल्यावर मुळाभोवती रिकामी जागा राहते. त्या जागेत कोणत्या पेशी आधी पोहोचतात यावर पुढचे सारे अवलंबून असते. हिरडीवरची अस्तराची पेशी मोठी चपळ. ती भराभर खाली सरकून जागा अडवते. आणि परिदंतबंधातला खरा विणकर, ज्याला मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतू रोवण्याची कला येते, तो मागे राहतो. मोकळ्या गायरानात आधी तण माजावे तसे होते. १९८२ साली न्यूमन, लिंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्ये एक पातळ पडदा ठेवून चपळ पेशींना अडवले आणि खऱ्या विणकराला वेळ मिळवून दिला. काही प्रमाणात नवी वीण उभी राहिली. त्या कल्पनेवर आज अनेक शस्त्रक्रिया चालतात. २००४ साली परिदंतबंधात मूळपेशीही सापडल्या आणि आशा वाढली. पण हे उपचार खर्चाचे आहेत, निवडक जागीच यशस्वी होतात. अजून तरी उसवलेल्या विणीपेक्षा राखलेली वीण स्वस्त आहे.

श्रोतेहो, आता थोडे कटू बोलावे लागणार आहे. ते आपल्या घरातले आहे.

तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, वाटायची आणि तिने दात घासायचे, या मिश्रीची चाल महाराष्ट्राच्या खेड्यांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, जुनी आहे. आमच्या शेजारच्या पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली जी पाहणी प्रसिद्ध केली, ती तंबाखू आणि तोंडाचे कर्करोग यांसंबंधीच होती. कर्करोगाचे भय आता पुष्कळांना माहीत आहे. पण मिश्रीचा दुसरा अपराध कमी बोलला जातो. तंबाखूतले निकोटिन या विणकर पेशीत शिरते. प्रयोगशाळेत असे दिसते, की निकोटिन भिनलेली पेशी धागा कमी काढते आणि मुळाच्या पृष्ठभागाला नीट धरत नाही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, भांडी घासून झाली की एकदा, अशी दिवसातून तीन वेळा मिश्री लावणारी बाई त्या विणकराच्या हातालाच रोज लकवा आणीत असते.

आणि यातली फसवणूक पाहा. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून मिश्री लावणाऱ्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. ती म्हणते, "मिश्रीने माझ्या हिरड्या बळकट झाल्या, पाहा, रक्त थांबले." रक्त थांबले हे खरे. पण चोर आत असताना राखणीचा कुत्रा भुंकायचा थांबला, तर घरधन्याने निश्चिंत होऊ नये. वरून शांत दिसणाऱ्या त्या हिरडीखाली हाड खचत असते.

तंबाखू विणकराला लुळा करते, तर सुपारी त्याला पिसाट करते. हाही याच पेशीचा विकार, पण उलट्या दिशेचा. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या अस्तराखालचे तंतुजनक अतोनात कोलॅजेन विणू लागतात, जुने उसवणे मंदावते, आणि धागे एकमेकांत असे जखडतात की गाल चामड्याच्या पट्ट्यासारखा ताठर होतो. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांत हा आजार नोंदवला. १९५३ साली मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ सालापासून बंदी आहे. पण सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला मावा आपल्या जिल्ह्यात कोणाला अपरिचित आहे? बंदीच्या कागदाने जे होत नाही ते बापाच्या डोळ्याने होते. आपल्या मुलाला आपली तीन बोटे उभी धरून तोंडात घालावयास सांगा. जात नसतील, तिखट लागताच तोंड पोळत असेल, तर त्याच आठवड्यात दंतवैद्याकडे न्या. ताठरलेला गाल पूर्ववत मऊ होणे अवघड. आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोकाही मोठा असतो.

तिसरी गोष्ट साखरेची. पण ताटातल्या साखरेपेक्षा रक्तातल्या साखरेची. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि जिल्ह्याच्या जिराईत जिण्याला आधार मिळाला. सुबत्तेबरोबर मधुमेहही आला. तो आता केवळ शहराचा राहिलेला नाही. रक्तातली साखर वाढली की ती कोलॅजेनच्या धाग्यांना चिकटते, धागे कडक होतात, आणि विणकराला जुने काढून नवे घालणे जड जाते. दाहही लवकर विझत नाही. उलट बाजूने, हिरड्यांचा जुनाट दाह साखर ताब्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास मधुमेही माणसाची तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी, पण मोजता येण्याजोगी, उतरते असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. म्हणून मधुमेहाच्या रुग्णाने डोळे आणि पाय दाखवावेत तशा हिरड्याही दाखवाव्यात. रक्तदाबाच्या किंवा फेफऱ्याच्या काही गोळ्यांनी क्वचित हिरडी वाढून दातांवर चढते; तेही याच पेशीचे काम. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगावे, ते बदलून देतात.

आता शेवटची एक गोष्ट सांगतो. ती सर्वांत लहान आहे आणि कदाचित सर्वांत उपयोगाची. क्षेत्रफळाने आपला जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७,००० चौरस किलोमीटरांहून अधिक त्याचा पसारा. लोणीला ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, तालुक्याच्या गावी दंतवैद्य आहेत. पण वाडीवस्तीवरून तेथे पोहोचावयास वेळ लागतो. समजा, कबड्डी खेळताना दहा-बारा वर्षांच्या मुलाचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर पडला. आपण काय करतो? दात मातीत टाकतो, किंवा फडक्यात गुंडाळून खिशात घालतो आणि मुलाला घेऊन धावतो. खिशातला तो दात मेलेला असतो. दात नव्हे, त्याच्या मुळावर चिकटून राहिलेले विणकर मेलेले असतात. कोरड्या हवेत ते तासाभराच्या आत मरतात. पाण्यात टाकला तर पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. विणकर जिवंत असतील तर दात परत खोबणीत बसवता येतो, आणि ते मुळाला हाडाशी पुन्हा बांधून घेतात.

तेव्हा हे पाठ करा. दात वरच्या पांढऱ्या भागाने उचलावा. मुळाला हात लावू नये. माती असेल तर दुधाने क्षणभर धुवावा. घासू नये, खरवडू नये. मूल शुद्धीवर असेल आणि जमत असेल तर तेथल्या तेथे दात जागेवर बसवून स्वच्छ रुमाल हळूच चावून धरण्यास सांगावे. जमत नसेल तर दात दुधात टाकावा. साखर न घातलेले, गार, साधे दूध. दुधाचा क्षारांश पेशींना मानवतो, त्यात त्या काही काळ तग धरतात. मग मिळेल त्या वाहनाने, शक्य तो तासाच्या आत, दंतवैद्याकडे. हे पक्क्या दाताचे. दुधाचा दात पडला तर तो परत बसवू नये, खालच्या येऊ घातलेल्या दाताला इजा होते. आपल्या जिल्ह्यात ज्या वस्तीवर दवाखाना नाही तिथेही दूध आहे. संकलन केंद्र नसले तर गोठा आहे. हे वाक्य प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावे असे मला वाटते: पडलेला पक्का दात दुधात टाका.

असो. एवढ्या साऱ्या विवेचनातून घरी काय न्यावयाचे? फार थोडे. दिवसातून दोनदा, त्यांत रात्री निजण्यापूर्वी एकदा नक्की, मऊ ब्रशाने हिरडीच्या काठापर्यंत दात स्वच्छ करावेत. दोन दातांमधली फट विसरू नये. राखुंडी, विटेची पूड, कोळसा यांनी हिरडी सोलवटते; त्या वस्तू चुलीपाशीच बऱ्या. मिश्री सुटावी, एकदम सुटत नसेल तर मदत मागून सुटावी, आणि सुनेला लावण्याआधी सासूने स्वतः सोडावी. ताटात रोज काहीतरी ताजे आणि आंबटगोड असावे. आणि हिरडीतून रक्त दिसले तर त्याला उष्णता म्हणून सोडून देऊ नये. विणकर हाक मारीत असतो. ती हाक पहिल्या टप्प्यावर ऐकली तर आठवड्याचे काम. दुसऱ्या टप्प्यावर ऐकली तर आयुष्यभराचे.

आपला जिल्हा आता अधिकृतपणे अहिल्यानगर झाला आहे. ज्या अहिल्याबाईंचे नाव त्याने घेतले, त्यांनी जागोजागी घाट बांधले, पडकी देवळे सावरली. मोडले ते नव्याने उभारण्याआधी उभे आहे ते सांभाळावे, ही दृष्टी त्या कामात होती. तोंडाच्या बाबतीतही याहून निराळे शहाणपण नाही. आपल्यामागचा हा अबोल विणकर मजुरी मागत नाही, सुटी घेत नाही. त्याचा माग आपण बंद पाडू नये, एवढीच त्याची आपल्याकडून अपेक्षा आहे. ती आपण पुरी केली तर पुढच्या हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती आजीही बसेल. आणि कणसातले दाणे तिच्यासाठी कोणी कुटून द्यावे लागणार नाहीत.